खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि हिरवं होणारं पाणी: विश्वेश्वरय्यांची गोष्ट

१५ सप्टेंबर आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर पांढरा फेटा घातलेल्या एका गंभीर माणसाचा फोटो फिरायला लागतो. खाली अभियंता दिनाच्या शुभेच्छा आणि दोन-चार फुलं. कॉलेजची चारही वर्षं मी तो फोटो न चुकता फॉरवर्ड केला. हा माणूस कोण, त्यानं नक्की काय केलं, असं कोणी विचारलं असतं तर मी धरण बांधलं एवढंच सांगितलं असतं. कुठलं धरण, तेही धड सांगता आलं नसतं.

मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याकडे वळलो ते एका पीव्हीसी पाइपमुळे.

आमचं गाव विंझर. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागतं. राजगड-तोरण्याला येणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी पप्पांनी घराला लागून तीन खोल्या काढायचं ठरवलं. खोल्या म्हणजे बाथरूम आलं, बाथरूम म्हणजे सेप्टिक टँक आला. गवंड्यानं टाकीतून बाहेर पडणारा पाइप सरळ मागच्या ओढ्याकडे काढला होता. गावाकडे सगळीकडे असंच करतात, पावसात वाहून जातं, असं पप्पांचं म्हणणं. मी तेव्हा पुण्यात सिंहगड रोडला बसून, सॅटेलाइटच्या फोटोंवरून पाण्याचा रंग ओळखायचा एक छोटा प्रोग्रॅम सुट्टीचा उद्योग म्हणून लिहीत होतो. स्क्रीनवर उजनीचं पाणी हिरवंगार दिसत होतं आणि फोनवर पप्पा पाइपचा व्यास विचारत होते. त्याच आठवड्यात धरणांबद्दल वाचता वाचता मी विश्वेश्वरय्यांपर्यंत पोचलो आणि लक्षात आलं, की या माणसाचं अर्धं आयुष्य आमच्याच पाण्याभोवती गेलंय.

पुण्यात शिकलेला मुलगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा. गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातलं. वडील संस्कृतचे पंडित, घरची परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. पोरगा बंगळूरला मुलांच्या शिकवण्या घेऊन शिकला आणि १८८१ मध्ये बीए झाला. पुढे म्हैसूर संस्थानानं शिष्यवृत्ती दिली आणि तो इंजिनिअरिंगसाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला. म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या परीक्षेत पहिला आला आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला.

पहिली नेमणूक नाशिककडे, मग खानदेश. धुळे जिल्ह्यात दातर्तीजवळ पांझरेच्या पात्रातून पाइपचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. नदीखालून पाइप नेऊन पाणी पलीकडच्या पाटात काढायचं, असं ते काम. ऐन पावसाळ्यात पात्र गाळानं भरायला लागलं, तेव्हा या नवख्या इंजिनिअरनं पाऊस संपेपर्यंत थांबायची परवानगी मागितली. साहेबांना ते आवडलं नाही. मग पठ्ठ्यानं ते काम पूर्ण करून दाखवलं. पहिल्या नोकरीत मॅनेजरला डेडलाइन पुढे ढकलायला सांगणं किती अवघड असतं, हे तुम्हाला आता नाही तर दोन वर्षांनी कळेल.

सक्करची विहीर: नदीच्या आत फिल्टर

आता खरी इंटरेस्टिंग गोष्ट. १८९०च्या दशकात त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं. हे शहर सिंधू नदीच्या काठावर, आता पाकिस्तानात आहे. नदी शेजारी असूनही प्यायला स्वच्छ पाणी नाही, कारण सिंधूचं पाणी गाळानं नुसतं गढूळ. पाणी गाळायचं तर वाळूचे मोठे फिल्टर-बेड बांधावे लागणार होते आणि नगरपालिकेकडे तेवढे पैसे नव्हते.

विश्वेश्वरय्यांनी काय केलं? नदीच्या पात्रातच विहीर घेतली. पात्रातल्या वाळूतून झिरपत झिरपत पाणी त्या विहिरीत यायचं, येताना गाळ मागे राहायचा. तिथून ते पंपानं वर चढवलं. फिल्टर वेगळा बांधायची गरज राहिली नाही, नदीचं पात्रच फिल्टर झालं. १८९५ मध्ये ही योजना सुरू झाली. जर्मनीत आजही नदीकाठच्या विहिरींमधून असंच झिरपलेलं पाणी मोठ्या प्रमाणावर घेतात.

एक मात्र लक्षात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहे. वाळू गाळ अडवते, बरेचसे जंतूही अडवते. पण पाण्यात विरघळलेलं मीठ जसं गाळणीतून आरपार जातं, तसा विरघळलेला नायट्रेट वाळूतून बराचसा निघून जातो. सक्करमध्ये तेव्हा तो प्रश्न नव्हता. युरिया नव्हता, कपड्यांची पावडर नव्हती, लाखो फ्लश नव्हते.

कोणी बटण न दाबता उघडणारे दरवाजे

सक्करनंतर काही काळ सुरत आणि मग पुणे. १८९९ मध्ये ते पुणे भागाच्या पाटबंधाऱ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. खडकवासल्याचं धरण तेव्हाही होतं, इंग्रज त्या तलावाला लेक फाइफ म्हणायचे. पुणे शहर आणि लष्कराचं पाणी त्यावरच.

अडचण अशी होती: पावसाळ्यात मुठेला पूर आला की सांडव्यावरून भरमसाट पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. धरणाची भिंत उंच करणं खर्चिक आणि जुन्या भिंतीला धोक्याचं. सांडव्यावर दरवाजे बसवून पाणी थोडं वर अडवता आलं असतं. पण रात्री अचानक पूर आला आणि दरवाजे कोणी उघडलेच नाहीत तर? भिंतच जायची.

त्यांनी दरवाज्यालाच शहाणा केला. दरवाजा एका वजनाशी तोलून धरलेला. ते वजन एका हौदात लोंबकळतं. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी आपोआप त्या हौदात शिरतं. पाण्यात बुडालेलं वजन हलकं होतं (विहिरीत बुडालेली कळशी ओढताना हलकी लागते ना, तसं), तोल बदलतो आणि दरवाजा उघडतो. पूर ओसरला की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा जड होतं, दरवाजा बंद. वीज नाही, माणूस नाही, सेन्सर नाही. खरं तर पाणी स्वतःच सेन्सर आणि स्वतःच मोटर. आपण ज्याला फीडबॅक लूप म्हणतो आणि ज्यासाठी आज हजार ओळींचा कोड लिहितो, ते त्यांनी साखळी आणि वजनावर उभं केलं. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला बसले. पेटंट त्यांच्या नावावर झालं आणि पुढे हीच कल्पना म्हैसूरच्या कृष्णराज सागरपर्यंत गेली.

मी इंजिनिअर म्हणून या डिझाइनच्या प्रेमात आहे, लपवत नाही. पण एक गोष्ट खटकते. ती विश्वेश्वरय्यांची चूक नाही, त्यांच्यानंतरच्या सव्वाशे वर्षांची आहे. हा दरवाजा पाण्याची पातळी ओळखतो. पाण्यात काय आहे, ते त्याला कळत नाही. आपली सगळी धरणं अजून तशीच आहेत. रोज सकाळी बातमी येते, खडकवासला इतके टक्के, पानशेत इतके टक्के. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या पाण्यात फॉस्फरस किती, हे कुठल्या बातमीत शेवटचं वाचलंत?

फॉस्फरसचा हिशोब

शेवाळाला वाढायला ऊन, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. ऊन फुकट, कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनसुद्धा काही प्रकारची निळी-हिरवी शेवाळं हवेतून ओढून घेतात. फॉस्फरस मात्र हवेत नसतो. तो कुठून तरी वाहूनच यावा लागतो. म्हणून गोड्या पाण्यात बहुतेक वेळा तोच अडसर असतो.

हे कसं कळलं? कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एक अख्खा तलाव मधोमध पडदा लावून दोन भागांत वाटला. तलावाला नाव नाही, नुसता नंबर, २२६. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला. दुसऱ्या भागात तेच, आणि वर फॉस्फरस. थोड्याच आठवड्यांत फॉस्फरसवाला भाग हिरवागार आणि शेजारचा भाग होता तसाच. विमानातून काढलेला तो फोटो नक्की शोधून बघा. कपड्यांच्या पावडरीतला फॉस्फेट कमी करायला हवा, हे पटवायला अनेक देशांत तो फोटो कामी आला.

आता आकडा बघा. एक माणूस दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस मल-मूत्रातून बाहेर टाकतो. एक ग्रॅम फॉस्फरसवर सुक्या वजनाचं साधारण शंभर ग्रॅम शेवाळ वाढू शकतं. म्हणजे एक माणूस, एक दिवस, दीडशे ग्रॅम सुकं शेवाळ. ओलं तर त्याच्या कितीतरी पट. पप्पांच्या तीन खोल्यांत शनिवार-रविवारी बाराजण उतरणार. गुणाकार मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर केला आणि पाइपचा व्यास सांगायचा विषय तिथेच थांबवला.

सेप्टिक टँक असला की झालं, असं आपल्याला वाटतं. टाकीत घाण खाली बसते, थोडी कुजते, वास कमी होतो. पण विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस वरच्या पाण्याबरोबर बराचसा बाहेर येतो. शहरातल्या सांडपाणी प्रकल्पांचंही थोडं असंच आहे. साधा प्रकल्प पाण्यातलं कुजणारं द्रव्य कमी करतो, म्हणजे मासे गुदमरणार नाहीत एवढं बघतो. फॉस्फरस काढायचा तर त्यासाठी वेगळी पायरी लागते. त्या प्रक्रियेसाठी खास जिवाणू सांभाळावे लागतात, नाहीतर फेरिक क्लोराइड किंवा तुरटीसारखं रसायन टाकून तो खाली बसवावा लागतो. ही पायरी नसेल तर बाहेर पडणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण शेवाळासाठी ती खिरापतच.

उजनीत हेच होतं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी हे सगळं पाणी भीमेतून उजनीत येतं. शंभर टीएमसीहून मोठा तलाव, पण तो पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या खालच्या अंगाला. तिथे पाणी थांबतं, ऊन मिळतं, खत तयारच. मग हिरवा थर आणि जलपर्णी. सोलापूर शहर तेच पाणी पितं. काही निळी-हिरवी शेवाळं यकृताला अपाय करणारं विष सोडतात, आणि पाणी उकळल्यानं ते विष जात नाही. शिवाय पाण्यात सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर क्लोरीन टाकल्यावर नको ती संयुगं तयार होतात. म्हणजे शुद्धीकरण केंद्रवाल्याची दोन्हीकडून पंचाईत.

आणि हे बंद केलं की लगेच बरं होतं असंही नाही. उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो. प्राणवायू असेपर्यंत गाळातल्या लोहाला चिकटून बसलेला फॉस्फरस मग सुटतो आणि परत पाण्यात येतो. वर्षानुवर्षांची उधारी तळाशी जमा असते आणि तलाव ती दर उन्हाळ्यात वसूल करतो. म्हणून काही ठिकाणी तळाशी हवा सोडतात, काही ठिकाणी तुरटी. जलपर्णी काढून काठावरच टाकली तर ती कुजून पहिल्या पावसात सगळं परत आत. ती उचलून लांब नेली तरच तिच्या अंगातलं खत तलावाबाहेर जातं. अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६०च्या दशकात सांडपाणीच दुसरीकडे वळवलं, तेव्हा काही वर्षांत पाणी पुन्हा नितळ झालं. तिथं जमलं, कारण वेळेत थांबले.

नीरेचा कालवा, म्हणजे आमचंच पाणी

विश्वेश्वरय्यांकडे परत येऊ. पुण्यात असताना त्यांनी दरवाज्यांपेक्षाही अवघड काम हातात घेतलं: माणसांच्या पाणी वापरण्याच्या सवयी बदलायचं.

भोरजवळ भाटघरला इंग्रजांनी धरण बांधलं होतं. तिथून सोडलेलं पाणी नीरेतून वाहत वीरच्या बंधाऱ्याशी यायचं आणि तिथून नीरा डाव्या कालव्यानं बारामतीकडे जायचं. आमच्या खोऱ्यातली गुंजवणीही वीरच्या वरच नीरेला मिळते. म्हणजे विंझरच्या शिवारातला पाऊस तेव्हाही त्याच वाटेनं जात होता. (आमचं पाणी उजनीत जात नाही, नीरा भीमेला मिळते ती उजनीच्या खाली, नरसिंगपूरला. पप्पांनी हा मुद्दा लगेच पकडला होता. मी म्हटलं, वीरचं धरण आहे ना वाटेत.)

कालवा आला तसा ऊस आला. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी भरमसाट पाणी घ्यायचं, शेपटाकडच्यांना काहीच नाही. वर जमिनी पाणथळ व्हायला लागल्या, डास आणि हिवताप वाढला. पुढे नीरा खोऱ्यात मीठ फुटलेल्या जमिनींवर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी १९१० मध्ये अभ्यासच प्रसिद्ध केला.

विश्वेश्वरय्यांची तोड म्हणजे ब्लॉक पद्धत. पाणी एकेका शेताला मागेल तसं न देता जमिनीचे ठरावीक गट पाडायचे. गटातल्या साधारण एक तृतीयांश जमिनीवरच ऊस, बाकीवर कमी पाण्याची पिकं, आणि पिकांची फेरपालट. पाण्याचा करार काही वर्षांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक युजरला कोटा आणि रेट लिमिट. शेतकऱ्यांनी आधी जोरदार विरोध केला, ते साहजिकच होतं. विश्वेश्वरय्या गावोगाव बसले, बोलले, अटी थोड्या बदलल्या, आणि पद्धत रुळली. १९०१ ते १९०३ दरम्यान देशभर फिरलेल्या सिंचन आयोगासमोरही त्यांनी ती मांडली.

त्यात खताचा विचार नव्हता, तेव्हा इथल्या शेतांत रासायनिक खत फारसं नव्हतंच. पण पाणी जास्त झालं की काय बिघडतं, हे त्यांना दिसलं होतं. जमिनीतून वाहून जाणारं जास्तीचं पाणी एकटं जात नाही, जमिनीतलं बरंच काही घेऊन जातं. आज ते घेऊन जातं युरिया आणि डीएपी.

आमच्याकडे ऊस नाही, भात आहे. आबा अजूनही चिखलणीनंतर खाचरात युरिया मुठीनं फेकतात. आणि मग बांधावरून पाणी फुटून खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात. यावर एक साधा इलाज महाराष्ट्रातच निघाला आहे: डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड. त्यात युरिया आणि डीएपीची पावणेतीन ग्रॅमच्या आसपासची गोळी चार चुडांच्या मधे चिखलात काही इंच खोल खोचतात. खत मुळाशी राहतं, पाण्याबरोबर जात नाही, आणि लागतंही कमी. गोळ्या खोचायला कंबर मोडते, हे आबांचं म्हणणंही खरं आहे. यंदा अर्ध्या खाचरात त्यांनी करून बघितलं. उरलेल्या अर्ध्यात मुठीनंच.

सॅनिटरी इंजिनिअर

१९०४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग फॉरवर्डमध्ये कधी येत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. इलाख्यातल्या शहरांचा पाणीपुरवठा आणि गटारं, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवलं, तिथेही पाणी आणि सांडपाणी हेच काम. आज आपल्याकडे धरण एका खात्याकडे, शहराचं पाणी दुसऱ्याकडे, गावाचं सांडपाणी तिसऱ्याकडे, प्रदूषण चौथ्याकडे. तलाव हिरवा झाला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला वाढलेल्या वस्त्या, हॉटेलं आणि फार्महाऊसचं सांडपाणी हा पुण्यात सतत चर्चेत असलेला विषय आहे. विंझरहून पाबे घाट चढून रांजणे, खानापूरकडे उतरलो की पुण्याचं प्यायचं पाणी सुरू होतं. रविवारी संध्याकाळी त्या रस्त्याला काय गर्दी असते, ते तुम्ही रीलमध्ये बघितलं असेलच.

१९०८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला, हजारो माणसं गेली. निजामानं त्यांना बोलावलं. त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला दोन तलाव सुचवले, पूर अडवायला. उस्मान सागर १९२० मध्ये पूर्ण झाला, हिमायत सागर १९२७ मध्ये. शहराच्या गटारांची योजनाही त्यांचीच. पूर अडवायला बांधलेले हे तलाव पुढे शहराची तहान भागवायला लागले. १९९६ मध्ये सरकारनं आदेश काढला की या तलावांपासून १० किलोमीटरच्या आत प्रदूषण करणारे उद्योग, मोठी हॉटेलं, वसाहती नकोत. शहराच्या मधोमध असलेल्या हुसेन सागरात नाले सोडून त्याची काय गत झाली, ते लोकांनी पाहिलं होतं. तेलंगणा सरकारनं २०२२ मध्ये ही बंधनं उठवायचा निर्णय घेतला. शहराला दुसरीकडून पाणी मिळतं, आता या तलावांची तेवढी गरज नाही, असं कारण. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. तलाव वापरात नसला म्हणून त्यात गेलेला फॉस्फरस कुठे जात नाही, तो गाळात वाट बघत बसतो.

पुढची त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, भरभर सांगतो. १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, कावेरीवर कृष्णराज सागर, १९१२ ते १९१८ दिवाण, १९१५ मध्ये सर ही पदवी, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, १९५५ मध्ये भारतरत्न.

फोनमधून तलाव बघा

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर लॅपटॉपही लागत नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि त्यांचे फोटो कोपर्निकस ब्राउझर या साइटवर फुकट मिळतात. खडकवासला किंवा उजनी शोधा, मार्च ते मे महिन्यातली बिनढगांची तारीख निवडा. शेवाळातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं आणि त्याच्या जरा पुढचा, ७०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश परत फेकतं. या दोन बँडमधला फरक काढला की शेवाळ कुठे दाट आहे ते कळतं. माझा प्रोग्रॅम एवढंच करतो, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे चार महिने काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच सगळं वाहून येतं. शिवाय उपग्रहाला शेवाळ दिसतं, विरघळलेला फॉस्फरस दिसत नाही. म्हणजे आजार दिसतो, तो कशानं झाला ते नाही.

काठावर असाल तर आयऑनवॉटर नावाचं अ‍ॅप आहे. पाण्याचा फोटो काढायचा आणि निळ्यापासून तपकिरीपर्यंतच्या २१ रंगांशी जुळवायचा. त्याहून जुना उपाय म्हणजे पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. इटलीत आंजेलो सेक्की या धर्मगुरूनं ही पद्धत १८६५ मध्ये आणली आणि आजही शास्त्रज्ञ ती वापरतात. फक्त धरणाच्या भिंतीवरून वाकून हे करू नका, आणि पावसाळ्यात तर अजिबात नको.

१२ जुलै १९६१ ला सकाळी बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि काही तासांत तेही फुटलं. पुण्यात काय झालं ते तुमच्या घरातल्या कोणा वयस्कर माणसाला विचारा, आमच्या आबांना तो दिवस तारखेसकट आठवतो. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, बंगळूरला, वयाच्या शंभराव्या वर्षात. ज्या धरणाला त्यांनी पुरासोबत आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ ला ते वारले. खडकवासला पुन्हा बांधलं गेलं आणि आज माझ्या फ्लॅटच्या नळाला तेच पाणी येतं.

पप्पांच्या खोल्या तयार आहेत. ओढ्याकडचा पाइप कापून तोंड सिमेंटनं बंद केलंय. पाणी आता ओढ्यापासून लांब, वरच्या अंगाला शोषखड्ड्यात जातं आणि त्याच्या कडेनं कर्दळ आणि केळी लावल्यात. खर्च वाढला म्हणून ते अजून थोडे चिडलेले आहेत. केळीला पहिला घड लागला की फोटो पाठवतो म्हणालेत.